मशीनचा नारळ

"नारळ मी फोडणार. विषय संपला."

"तुमचा संपला असेल. माझं मशीन पुसायचं राहिलंय अजून. पाय उचला."

वाल्मीक गांगुर्डेने पाय उचलला. त्याच्या बायकोने, उज्वलाने, त्याच्या पायाखाली अडकलेलं फडकं खसकन ओढून घेतलं आणि मशीनच्या पायाशी फतकल मारून ती पुन्हा घासायला लागली.

"इतक्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला म्हणतेस पाय उचला?"

"फडक्यावर उभे होतात म्हणून म्हटलं. संसारावर खुशाल उभे राहा. कोण नको म्हणतंय?"

"मग उद्या दसऱ्याला माझ्या हातून नारळ फुटला तर तुझं काय बिघडतंय? घरातला कर्ता पुरुष मी..."

"घरातला ना? मग घरातले सगळे नारळ फोडा. सत्यनारायणाचा फोडा, गाडीपुढचा फोडा. हा मशीनचा आहे."

"मशीनचा नारळ काय वेगळ्या झाडाला लागतो?"

उज्वलाचा हात थांबला. तिने मान वर केली. नाकाच्या शेंड्यावर ग्रीसचा काळा ठिपका, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत ते हसू, जे हसू पाहिलं की वाल्मीकला कळायचं, आपण आता अडकलो.

"हे तुम्ही मला विचारताय?" ती म्हणाली. "तुम्ही?"

 मशीनच्या नारळाचा नियम तिला त्यानेच सांगितला होता. एकदा नाही, दर दसऱ्याला.

इथून दोन गल्ल्या मागे, अंबडच्याच औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत वाल्मीकने उभी हयात काढली, तिथल्या टूलरूमचा तो नियम. टूलरूम म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं घडतात तो विभाग. खंडेनवमीला सगळे आपापलं मशीन धुवायचे, पुसायचे, झेंडूचा हार घालायचे. नारळ मात्र, ज्याच्या हाताखाली ते मशीन चालतं, त्यानेच फोडायचा. मालक असो, मॅनेजर असो, बाकी सगळ्यांनी हात जोडून बाजूला उभं राहायचं. एका वर्षी एक नवा मॅनेजर बूट काढून, रुमाल डोक्यावर घेऊन वाल्मीकच्या मशीनपुढे नारळ घेऊन उभा राहिला. वाल्मीक म्हणाला, "साहेब, केबिनमध्ये तुमचं टेबल आहे. त्याची पूजा करा. ह्या मशीनला माझा हात ओळखीचा आहे." ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती, की दर वर्षी तो मॅनेजर थोडा बुटका होत गेला होता आणि वाल्मीकचा आवाज थोडा मोठा.

"ज्याच्या हाताखाली मशीन," उज्वला आता एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "त्याचा नारळ. हे मशीन कुणाच्या हाताखाली चालणार आहे?"

"तुझ्या."

"मग?"

"मग काही नाही. मोठी झालीस तू."

हे शेवटचं वाक्य त्याने असं टाकलं, की त्यातला कौतुकाचा भाग खाली पडला आणि उरलेला तेवढा तिच्यापर्यंत पोचला.  उज्वला फडकं पिळायला गाळ्याच्या मागच्या नळाकडे गेली.

वाल्मीक गाळा न्याहाळत उभा राहिला. पत्र्याचं छप्पर, नव्या चुन्याच्या भिंती, एका बाजूला घरून आणलेला मिरची कुटायचा जुना डंक, दुसऱ्या बाजूला मसाला दळायचं नवंकोरं मशीन, अजून पायांना प्लास्टिक गुंडाळलेलं. दारावर पाटी: 'उज्वला काकू मसाले'. त्याने ती पाटी लागली त्या दिवशी वाचली होती, आणि रोज पुन्हा वाचत होता, जणू एखाद्या दिवशी तिच्यात कुठेतरी कोपऱ्यात आपलं नाव उमटेल.

कामाबद्दल वाल्मीकला मतं होती. सिडकोतल्या त्याच्या घराच्या ओट्यावर बसून तो ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्याचं म्हणणं, माणसाने कामाला जाताना बूट पुसले पाहिजेत, कारण मशीन आपले बूट बघतं. त्याचं म्हणणं, ज्या दिवशी कंपन्यांनी भोंगा बंद केला आणि लोकांचे चेहरे कॅमेऱ्यापुढे धरून हजेरी लावायला सुरुवात केली, त्या दिवशी काम संपलं आणि ड्युटी उरली. "आमच्या वेळी शिफ्ट सुटली की त्रिमूर्ती चौकापर्यंत सायकलींची रांग. डबा खायला बसलो की सात जणांचे सात डबे मधे. कुणाच्या डब्यात काय आहे ते त्याच्या बायकोच्या आधी आम्हाला ठाऊक. आताची पोरं? एका हातात पोळी, एका हातात मोबाईल. शेजारी बसलेला मेला तरी रील संपल्यावर कळेल. आणि कंत्राटी! आज ह्या कंपनीत, उद्या त्या. मशीनशी ओळख व्हायच्या आत टाटा बायबाय."

"तुमच्या शिफ्टला भोंगा तरी होता," उज्वला आतून म्हणायची. "माझी शिफ्ट सुटल्याचा भोंगा कधी झाला ते सांगा."

ओट्यावरचे हसायचे. वाल्मीकही हसायचा. तेव्हा हसू यायचं, कारण तेव्हा तो नोकरीत होता.

उज्वलाचा डंक सुरू झाला तो त्याच्या सेकंड शिफ्टच्या काळात. ओट्याच्या शेजारी गाडी लावायची जागा होती आणि गाडी नव्हती. तिथे त्यानेच कुठूनशी जुनी मोटर आणून डंक बसवून दिला. वर-खाली होणारी लोखंडी मुसळं, खाली उखळ, उखळात मिरची. "तुझा टाइमपास," तो म्हणाला होता. ती सटाण्याची. तिच्या हाताला काळ्या मसाल्याचं प्रमाण माहेरूनच आलेलं. आधी गल्लीतल्या बायका आल्या, मग पवननगरच्या, मग थेट गंगापूर रोडच्या बंगल्यांतल्या. मार्च-एप्रिलमध्ये दारात मिरचीच्या पिशव्यांची रांग लागायची आणि आख्खी गल्ली शिंकायची.

हे सगळं चालू असताना वाल्मीक कंपनीत होता. मग एक दिवस शाल, श्रीफळ, फोटो, टाळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने सवयीने बूट पुसले आणि मग ते कुठे घालून जायचे, ते त्याला कळेना.

तेव्हापासून ते सुरू झालं. ते म्हणजे काय, ते त्याने स्वतःलाही नाव घेऊन सांगितलं नव्हतं. दाराची बेल वाजायची, तो उठून दार उघडायचा, आणि समोरची बाई त्याच्या खांद्यावरून आत बघत म्हणायची, "काकू आहेत का?"

"बाजारात गेल्यात. मी आहे ना. काय काम आहे?"

"नाही, असू द्या. मी परत येते."

मी आहे ना, हे त्याने कितीदा म्हटलं असेल. आणि किती जणी परत आल्या. एक तर ऊन डोक्यावर असताना ओट्यावर बसून राहिली, पंखा नको म्हणाली, पाणी नको म्हणाली, फक्त उज्वला हवी म्हणाली. आपल्यासाठी आयुष्यात कुणी असं उन्हात थांबलं नाही, हा विचार त्याच्या मनात आला, आणि तो पेपर उलगडून बसला.

तिचा फोन वाजायचा त्याचा त्याला हेवा वाटायचा. ती 'हॅलो' म्हणताना आवाज बदलायची, त्याचा वाटायचा. हिशेबी, मोकळा, कुणालाही न घाबरणारा आवाज. हा आवाज तिच्याकडे होता तर घरात आजवर कुठे ठेवला होता? आणि सगळ्यात जास्त कशाचा वाटायचा, तर तिच्या पाठीचा. रात्री जेवणं उरकली की ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, "आई गं, कंबर मोडली आज." तिचं दुखणं कमावलेलं होतं. वाल्मीकचंही दुखायचं, पण ते नुसतं वयाचं. त्याला कुणी विचारलं नसतं की कशाने दुखतंय.

फेब्रुवारीत तिने त्याला विचारलं होतं. चहाचा कप हातात देऊन, अगदी सहज. "अहो, यंदा सीझनला मला एकटीला झेपायचं नाही. डंकावर तुम्ही बसता का? तुमच्यासारखं मशीन कुणाला समजतंय?"

हे वाक्य ऐकायला तो किती महिने आसुसला होता. आणि आलं तेव्हा त्याच्या तोंडून काय निघावं? तेव्हा ओट्यावर शेजारचे दोघे बसलेले होते. त्यांच्या देखत तो म्हणाला, "मी टूलरूमचा माणूस आहे. मिरचीत हात घालायला जन्मलो नाही."

शेजारी हसले. उज्वलाने कप उचलला आणि आत गेली. त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

ती पुन्हा विचारेल, म्हणून तो थांबला. मार्च गेला. मिरचीची रांग वाढली. ती विचारेना. मग एप्रिलात, एका दुपारी ती बारशाला गेलेली असताना, वाल्मीकने कपाटावरून आपली हत्यारांची पेटी खाली काढली.

तेलकट फडक्यातून पाना बाहेर आला तेव्हा त्याच्या हाताला कितीतरी दिवसांनी हाताच्या जागी आल्यासारखं वाटलं. डंकाच्या मुसळाला वर एक चेकनट असतो. मुसळ किती खाली यायचं, ते धरून ठेवणारा. त्याने तो सैल केला. थोडासाच. इतका, की उद्या सकाळी थोडा वेळ चालला की ताल बिघडेल, खडखडाट होईल, आणि ती हात पुसत बाहेर येईल. सगळ्या बायकांसमोर म्हणेल, "अहो, जरा बघता का?" तो लगेच उठणार नव्हता. आधी पेपर घडी घालणार होता. मग चष्मा. मग म्हणणार होता, "किती दिवस ऑइलिंग केलं नाहीस गं?" हे वाक्य त्याने मोठ्याने म्हणूनसुद्धा पाहिलं. ठसका छान जमला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं तसंच झालं, एक सोडून. खडखडाट झाला. ओट्यावरच्या बायका म्हणाल्या, "अगं बाई, काय झालं?" उज्वला हात पुसत बाहेर आली. तिने वाल्मीककडे बघितलं. वाल्मीकने पेपरचं पान उलटलं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने फोन काढला.

"रहेमानभाई, घरी आहात का? जरा येता?"

रहेमान शेख. टूलरूममध्ये वाल्मीकच्या शेजारच्या लेथवर सगळं आयुष्य काढलेला रहेमान. दोघं एकाच वर्षी लागले, दोघांची स्पर्धा पहिल्या दिवसापासून. कुणाचा जॉब आधी पास होतो, कुणाच्या चिपा बारीक निघतात. खंडेनवमीला रहेमान आपलं मशीन आरशासारखं लख्ख करायचा, हारसुद्धा स्वतः आणायचा, पण नारळाची वेळ आली की दोन पावलं मागे सरायचा. "वाल्मीक, माझ्याकडून तू." मग वाल्मीक दोन नारळ फोडायचा. खोबरं मात्र सगळ्यांत आधी रहेमान उचलायचा. निवृत्त झाल्यावर वाल्मीक ओट्यावर बसला आणि रहेमान स्कूटरच्या डिकीत हत्यारं टाकून पिठाच्या गिरण्या, पाण्याच्या मोटारी, जे मिळेल ते दुरुस्त करत फिरू लागला. वाल्मीकने त्याला एकदा ऐकवलंही होतं, "एवढा मोठा कारागीर, आणि दारोदार फिरतोस?" रहेमान म्हणाला होता, "घरात बसून बायकोच्या नजरेत फिरण्यापेक्षा बरं ना यार."

त्या दिवशी रहेमान वडाळ्याच्या आपल्या घरून आला, डंकापाशी वाकला, आणि चेकनटवर त्याची बोटं थांबली. आपोआप ढिला झालेला नट आणि पान्याने ढिला केलेला नट, ह्यांतला फरक त्याला न कळायला तो काही मॅनेजर नव्हता. त्याने वळून ओट्याकडे पाहिलं. वाल्मीकने पेपर वर धरला.

"काय झालं होतं, रहेमानभाई?" उज्वलाने विचारलं.

"काही नाही भाभी. होतं कधी कधी," रहेमान म्हणाला. "मशीन एकदम चांगलं आहे. फक्त त्याच्याकडे बघत जा."

त्याला कपबशीतून चहा मिळाला. वर चकली. वाल्मीकने पेपरातली एकच ओळ त्या पूर्ण वेळात सात-आठदा वाचली.

पण खरी गोष्ट चहाची नव्हती. डंक खडखडला तेव्हा उखळात सुलाबाईच्या नातीच्या लग्नाचा मसाला होता. सुलाबाई मूळची सटाण्याची, उज्वलाच्या माहेरची, आता सिडकोतच राहणारी, गावाच्या नात्याने तिची मावशी आणि तिचं अगदी पहिलं गिऱ्हाईक. आता आवाज थांबेल, मग थांबेल, असं म्हणत उज्वलाने उखळातला घाणा संपवायला घेतला होता. तेवढ्यात मुसळ खालच्या लोखंडाला लागलं होतं. तिने मसाला चिमटीत धरला, उन्हात नेला, आणि त्यात लोखंडाच्या किसाची काळी चमक दिसली. तिने तो सगळा पोत्यात ओतला. घरच्या मिरचीचा नवा मसाला करून द्यायला ती बसली, पण तोवर लग्नाचं जेवण दुसऱ्याच कुणाच्या तरी मसाल्यात झालं. सुलाबाई नंतर आली ती रिकाम्या हातांनी. "उज्वला, तू मोठी व्हई गई व माय," ती म्हणाली. "आते तुनं ध्यान नही." तुझं लक्ष नाही आता. त्यानंतर ती आली नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडून जायची.

उज्वला त्या दिवशी स्वयंपाकघरात रडली होती. वाल्मीक दाराशी उभा होता. आणि हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे, सुलाबाईचं ते वाक्य ऐकताना त्याला आत कुठेतरी गार वाटलं होतं. चला, हिलाही कुणीतरी म्हणालं. लगेच पुढच्या घोटाला ते गार कडू झालं. पण आधी गार वाटलं, हे खरं.

त्या दिवसापासून रहेमानचं येणं वाढलं. हा गाळा त्यानेच शोधला. नव्या मशीनचा आवाज ऐकून तेच घ्या म्हणून सांगितलं. उद्यापासून इथे काम सुरू होणार होतं, आणि रहेमान रोज येणार होता.

"काय रे, काय एवढं बारीक बघतोयस?"

रहेमान दारात उभा होता, दोन्ही हातांत झेंडूचे हार. त्याने एक हार नव्या मशीनच्या हँडलला अडकवला, एक डंकाला. मग मागे होऊन, मान तिरकी करून बघितलं, अगदी टूलरूममध्ये बघायचा तसं.

"छान दिसतंय की नाही भाभी?" त्याने मागच्या नळाकडे आवाज दिला.

"एकदम नवरी!" उज्वला फडकं झटकत आली. "रहेमानभाई, तुम्हीच सांगा ह्यांना. उद्या नारळ कुणी फोडायचा?"

"अरे बापरे. माझ्या डोक्यावर फोडू नका म्हणजे झालं."

"विनोद नको. हे म्हणतात मी फोडणार."

 रहेमान म्हणाला, "मग फोडू दे ना भाभी. मशीन तुम्ही पण चालवणार, मी पण चालवणार. माझ्या वाटणीचा नारळ नेहमी ह्यानेच फोडलाय. उद्या पण फोडेल. दोन आणतो मी. एक तुमचा, एक माझा. माझा वाल्मीकच्या हातून."

तोडगा चांगला होता. कुणीही म्हटलं असतं, चांगला आहे. आणि नेमका म्हणूनच वाल्मीकच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याच्या वाटणीचा नारळ! माझ्या बायकोच्या गाळ्यात, ह्याच्या वतीने मी!

"मला तुझी मेहरबानी नको," तो म्हणाला.

"मेहरबानी? वाल्मीक, काय बोलतोस यार..."

"तू कोण रे मला नारळ देणारा? माझ्या घरात तू शिरलास कसा, ते सांग आधी. माझ्या डंकावर हात ठेवलास, माझ्या ओट्यावर चहा प्यायलास, आता माझ्या बायकोचा गाळा..."

"अहो!" उज्वलाचा आवाज पत्र्याला लागून परत आला. "त्यांना मी बोलावलं होतं. मशीन बंद पडलं होतं माझं."

"मग मला बोलवायचं! मी काय मेलो होतो का? समोर बसलो होतो!"

"पेपर वाचत बसला होतात."

"हाक मारली असती तर उठलो असतो!"

"उठला असतात?" उज्वला जवळ आली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खालचा आवाज जास्त लागत होता. "की परत म्हणाला असतात, मिरचीत हात घालायला जन्मलो नाही? त्या सगळ्या बायका बसल्या होत्या. ओठांवर आली होती हाक माझ्या. म्हटलं, नको. पुन्हा सगळ्यांदेखत असं काही बोलतील आणि ह्यांचंच हसं होईल. माझी नाही, तुमची लाज राखली मी."

"काही लाज राखायची नव्हती! तू हाक मारावीस म्हणून तर मी..."

आणि तो थांबला.

बाहेरून एक टेम्पो गेला. पत्रा थरथरला आणि शांत झाला. रहेमान हारातली वाकडी फुलं सरळ करायला लागला. त्यांतलं एकही फूल वाकडं नव्हतं.

"म्हणून तर तुम्ही काय?" उज्वलाने विचारलं.

"काही नाही."

"म्हणून तर तुम्ही काय?"

"भाभी," रहेमान म्हणाला, "मी कोपऱ्यावरून चहा सांगून येतो..."

"तुम्ही थांबा. तुम्ही त्या दिवशी नट बघितला आणि ओट्याकडे बघितलंत. मी पाहिलं होतं. मला वाटलं, ह्यांना नमस्कार करताय." ती रहेमानकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

रहेमानने हारावरचा हात काढला.  तीस वर्षं शेजारच्या लेथवर उभं राहिलेला माणूस काही बोलला नाही, आणि उज्वलाला सगळं ऐकू आलं.

ती वाल्मीककडे वळली. त्याला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर त्यालाही ओरडता आलं असतं.

"सुलाबाईचा मसाला," ती म्हणाली.

"मला काय माहीत त्यात लग्नाचा मसाला असेल. मला वाटलं नुसता आवाज होईल. तू लगेच बंद करशील..."

"सहा महिने झाले. ती मला बघून रस्ता बदलते. मी रोज रात्री आठवते, माझं काय चुकलं. घाणा भरताना बघितलं नाही का, उखळ नीट पुसलं नाही का. तुम्ही शेजारीच झोपलेले. तुम्हाला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

वाल्मीकने खांद्यावरचं फडकं काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"तुम्ही जळलात ना माझ्यावर?" ती म्हणाली. "जळा. त्यात काय आहे? मी जळले नाही तुमच्यावर? इस्त्रीचा युनिफॉर्म, चकाकणारे बूट, सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न द्यायची आणि तुम्ही एखाद्या मंत्र्यासारखे चढायचात. मी खिडकीतून बघायचे. हातात पिठाचा गोळा. वाटायचं, मला पण कुणीतरी न्यायला यावं. मला पण कुठेतरी उशीर व्हावा. किती वर्षं बघितलं मी. पण तुमच्या बसची हवा नाही सोडली मी कधी."

रहेमानला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात मिटवलं. उज्वला हसली नाही.

"आता ऐका. मला ह्या मशीनवर माणूस हवाय. रहेमानभाई एकटे पुरणार नाहीत, आणि तुमच्याइतका चांगला मला मिळणार नाही. हे मी फेब्रुवारीत पण म्हटलं होतं, आज पण म्हणते. उद्यापासून रोज येणार असाल, मिरचीत कोपरापर्यंत हात घालणार असाल, तर नारळ तुमचा. मी हात जोडून बाजूला उभी राहीन. नियम तुमचाच आहे."

वाल्मीकने वर पाहिलं. हे वाक्य पुन्हा आलं होतं. तेच, ज्याच्यासाठी त्याने पाना हातात घेतला होता. आणि ह्या वेळी ओट्यावर हसणारं कुणी नव्हतं.

"पण त्याआधी सुलाबाईकडे जायचं," उज्वला म्हणाली. "आज. आत्ता. तिच्या सुना, नाती, सगळ्या घरात असतील, दसऱ्याची तयारी चालली असेल. त्यांच्यासमोर सांगायचं, की तो मसाला उज्वलाने नाही घालवला. मी घालवला. का घालवला, ते पण सांगायचं. मी सोबत येणार नाही."

"भाभी, एवढं..." रहेमान म्हणाला.

"एवढंच." तिने मशीनपुढच्या पाटावरचा हळदीकुंकवाचा करंडा उचलून बाजूला ठेवला. "जाता का?"

वाल्मीक मशीनकडे बघत होता. स्वच्छ पुसलेल्या पत्र्यावर त्याचा चेहरा पिवळ्या फुलांमध्ये लांबट दिसत होता.  त्याला म्हणायचं होतं, सुलाबाई काय म्हणेल. त्याला म्हणायचं होतं, उद्या जातो. त्याला असंही म्हणायचं होतं, की तुझ्या पाठीवर कधी हात फिरवला नाही, ते चुकलं. ह्यांतलं कुठलं आधी म्हणावं, ते त्याला ठरवता येईना.

"अहो, मी विचारतेय. जाता का?"

त्याने हातातलं फडकं मशीनच्या कडेवर ठेवलं.

"वाल्मीक," रहेमान हळूच म्हणाला. "बोल ना यार काहीतरी."

वाल्मीकने दाराशी काढलेल्या चपला पायात सरकवल्या, पाटीखालून मान वाकवून बाहेर पडला, आणि मागे न बघता सुलाबाईच्या घराच्या रस्त्याला लागला.